कुजबुजीचं अंतर

मागून बसचा हॉर्न वाजला आणि जयराम बाजूला झाला. झालं ते एवढंच. २००९ सालचा मार्च, रविवारची सकाळ, बिटको चौकात नेहमीची गर्दी. हिरामण रस्त्याच्या अलीकडे फळांच्या गाडीपाशी पपई दाबून बघत होता आणि पलीकडून त्याचा साडू, म्हणजे बायको आशाच्या धाकट्या बहिणीचा नवरा, खांद्याला कॅन्टीनची पिशवी लावून चालला होता. तोफखान्यातला हवालदार जयराम. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचा होता आणि दोन्ही कानांनी बहिरा झाल्याचे कागद त्यानं लष्कराकडे दिले होते. बस त्याच्या पाठीशी आली, ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, आणि मागे वळूनही न बघता जयरामनं दोन पावलं डावीकडे घेतली. कान शाबूत असलेला माणूस घेतो तशी, सहज. हिरामणचा अंगठा पपईत रुतला. "घ्यायची का नाय साहेब?" फळवाला म्हणाला. "दाबून दाबून जीव घ्याल तिचा." हिरामणनं ती पपई मुकाट्यानं विकत घेतली आणि घरी जाईपर्यंत बसचा तो हॉर्न डोक्यात पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. दर वेळी जयराम बाजूला होत होता.

हिरामणला आनंद झाला. विचारलं तर तो कबूल करणार नाही, पण झाला. नाशिकरोडला लष्कराच्या ज्या रेकॉर्ड कचेरीत जवानांच्या नोकरीचे कागद सांभाळतात तिथे तो सत्तावीस वर्षं कारकून होता. कचेरी लष्कराची, पण याच्या अंगावर वर्दी नाही. म्हणून हा सिव्हिलियन. जवान भरती झाला की त्याची फाईल उघडायची, लग्न झालं की बायकोचं नाव चढवायचं, मूल झालं की मुलाचं, आणि तो निवृत्त झाला किंवा मेला की कागद तपासून पेन्शन पुढे पाठवायची, हे त्याचं काम. गेल्या गुरुवारी दप्तरी गोटीरामनं टेबलावर जो गठ्ठा टाकला त्यात वरून तिसरी फाईल जयरामची निघाली. तोफेच्या आवाजानं बहिरेपण आलं, तेव्हा नेहमीच्या पेन्शनवर अपंगत्वाची जादा पेन्शन मिळावी, असा दावा, वरच्या चिठ्ठीवरच लिहिलेला. नात्यातल्या माणसाची फाईल आली की सुपरिंटेंडेंटच्या कानावर घालून ती दुसऱ्या टेबलावर द्यायची, असा तिथला रिवाज. हिरामणनं कुणाच्याच कानावर घातलं नाही. फाईल खणात ठेवली, कुलूप लावलं, आणि उघडलीसुद्धा नाही. लहान मुलं ताटातला लाडू शेवटी खायला ठेवतात तशी ती ठेवली. आत काय असणार ते त्याला ठाऊकच होतं. खोटं असणार. आता तर बिटको चौक साक्षीला होता.

जयरामशी त्याचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडण होतं ते त्याच्या डोक्यातल्या एका तक्त्याशी. लग्न आधी हिरामणचं झालं. लासलगावजवळचे त्याचे सासरे, कारभारी त्यांचं नाव, बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला जाताना जावयाला मुद्दाम बरोबर नेत आणि ओळखीच्या अडत्यांना सांगत, "आमचे जावई. सरकारी कचेरीत." चार वर्षं त्यानं हा मान एकट्यानं भोगला. मग धाकट्या तृप्तीचं लग्न ठरलं आणि वर्दीतला जावई आला. त्या दिवाळीला सासऱ्यांनी जयरामला खाटेवर बसवलं आणि हिरामणला खुर्ची दिली. खुर्ची वाईट नव्हती, पण खाट ती खाट. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दोन रकाने पडले. जयरामला धान्य फुकट, कपडे फुकट, बूट फुकट, इस्पितळ फुकट, घरी यायला रेल्वेचा वॉरंट, म्हणजे तिकीटही फुकट. आपल्याला औषधाचं बिल लावायचं आणि सहा महिने वाट बघायची. त्याच्या कॅन्टीनच्या कार्डावर रमच्या बाटल्या. आपल्या सिव्हिलियनच्या कार्डावर साबण आणि खोबरेल तेल. तो चव्वेचाळिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन मोकळा होणार आणि कुठल्यातरी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसून दुसरा पगार खाणार. आपण साठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्यासारख्यांचे कागद लावत बसायचं. पाचवा वेतन आयोग आला तेव्हा तो थोडा सुखावला होता, कारण त्यात सगळ्यांचंच वाढलं. पण गेल्या वर्षी सहावा आला आणि वर्दीवाल्यांना वर्दीचे म्हणून महिन्याला दोन हजार वेगळे. त्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही. "अहो, तुम्ही रोज साडेपाचला घरी येता," आशा एकदा वैतागून म्हणाली होती. "तृप्तीनं दोन्ही बाळंतपणं एकटीनं काढली. ते कुठल्या रकान्यात घालताय?" त्यावर तो म्हणाला होता, "विषय पगाराचा चाललाय."

आणि वर हा जयराम वस्तू आणायचा. आधी कधीतरी आणायचा, पण नव्व्याण्णव सालानंतर दर सुट्टीला. प्रेशर कुकर, इस्त्री, मिक्सर, थंडीत अंगावर घ्यायला उबदार घोंगडी. "भाऊ, राहू द्या तुमच्याकडं," म्हणून पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि पैसे विचारले की हसायचा. हिरामणला ते हसणं कधी पचलं नाही. माणूस उगाच देत नाही, सत्तावीस वर्षांच्या कारकुनीनं त्याला शिकवलं होतं ते हेच. दिवाळीला कचेरीत मिठाईचा डबा आला की मागोमाग अर्ज येतो. मग जयरामचा अर्ज कसला? मिरवतोय का? की उट्टं काढतोय? उट्टं हा शब्द मनात आला की हिरामण पुढचा विचार थांबवायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा. कारण पुढे ते वाक्य होतं.

नव्व्याण्णवचा जून. कारगिलला लढाई पेटलेली. जयराम सुट्टीवर होता, तार आली, सुट्टी रद्द. दुपारची गाडी नाशिकरोडहून होती म्हणून तो ट्रंक आणि बिस्तरा घेऊन जेलरोडला हिरामणच्या घरी येऊन थांबला. तृप्ती लेकरांना घेऊन गावी, तिला तो गावातूनच निरोप देऊन आला होता. आशा स्वयंपाकघरात त्याच्या डब्यासाठी पुऱ्या तळत होती आणि डोळे पुसत होती. ते डोळे पुसणं हिरामणला खुपलं. का, ते आजही त्याला नीट सांगता येणार नाही. त्या आठवड्यात कचेरीत, गल्लीत, किराण्याच्या दुकानात, जो तो फौजीबद्दल बोलत होता. दूधवाल्यानं जयरामकडून दुधाचे पैसे घेतले नव्हते. हिरामण ओट्याला टेकून उभा राहिला आणि आशाला हळूच, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "रडतेस कशाला? तो मेला तरी फायद्यातच. लढाईत गेला तर तृप्तीला जन्मभर पूर्ण पगार, नियमच आहे. मी मेलो तर तुला बघ काय मिळतं." कढईतली पुरी काळी होईपर्यंत आशानं ती काढली नाही. हिरामण बाहेर आला तेव्हा जयराम ट्रंकेवर बसून खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी बराच वेळ बांधत होता. मग तो उठला आणि हिरामणच्या पाया पडला. त्याआधी तो हिरामणच्या कधी पाया पडला नव्हता. "येतो भाऊ," म्हणाला. आणि गेला. तो दिसेनासा झाल्यावर हिरामणला कळलं की आपला शर्ट पाठीला चिकटला आहे.

ऐकलं की नाही ऐकलं? दहा वर्षं हा प्रश्न त्याच्या घरात भाडेकरूसारखा राहिला. लढाईहून जयराम परत आला तो ऐकायला कमी येतं म्हणत आला. चार वेळा सांगावं तेव्हा मान हलवायचा. हिरामणनं मनाशी ठरवून टाकलं की याचे कान आधीपासूनच गेलेले असणार. तोफखान्यात बारा-चौदा वर्षं काढलेला माणूस, तेव्हाही त्याला कमीच येत असणार. या विचारानं त्याला झोप लागायची. पण मग तृप्तीनं चहा झाला म्हटलं की जयराम उठायचा, दारात कुणी आलं की मान वळवायचा, आणि हिरामणला पुन्हा संशय यायचा की याला सगळं ऐकू येतं, हा नाटक करतोय, जादा पेन्शनसाठी. नाटक ठरलं तर हिरामणचा तक्ता खरा ठरत होता: हे लोक असेच, सगळं मिळूनही यांचं पोट भरत नाही. पण नाटक ठरलं तर त्या दिवशीचे कानही खरे ठरत होते. बिचाऱ्याला जयराम लबाडही हवा होता आणि बहिराही हवा होता. दोन्ही एकदम मिळणार कुठून? आज बिटको चौकातून पपई घेऊन येताना त्यानं निवड करून टाकली. लबाडच बरा. वाक्याचं पुढे बघू.

म्हणून तो दुपारी विहितगावला जयरामच्या घरी गेला. निमित्त पपईचं. जयराम समोरच्या खोलीत दाराकडे पाठ करून रेडिओ खोलून बसला होता. बहिऱ्या माणसाला रेडिओ कशाला, हेही हिरामणनं टिपून ठेवलं. तृप्ती पाणी घेऊन आली. हिरामणनं दोन घोट घेतले, जयरामच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला, आणि स्टीलचा पेला हातातून सोडून दिला. फरशीवर खणखणीत आवाज झाला. जयरामनं वळून पाहिलं.

"या भाऊ!" तो ओरडला. त्याचा आवाज अलीकडे असाच सुटायचा, शेजारच्या घरापर्यंत. "कवा आले?"

हिरामण पेला उचलायला वाकला. उठला तेव्हा तृप्ती त्याच्याकडे बघत होती. ओढणीनं फरशी पुसायला ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "दाजी, मुद्दाम पाडला ना?"

"छे. निसटला."

"निसटला तर निसटला. पण त्यांना पायाला कळतं. फरशी हलली की वळतात. कॅम्पात फायरिंग चालू असलं की भिंतीला हात लावून सांगतात, कोणती तोफ उडाली." ती पुसत राहिली. "रस्त्यात तर मी त्यांना एकटं सोडतच नव्हते आधी. मग म्हणाले, गाडी मागून आली की समोरच्या माणसांचे डोळे वळतात, ते बघून बाजूला व्हायचं. फिरतात आता. तो रेडिओ शेजारच्यांचा. दुरुस्त करून देतात, आणि वाजतोय का ते मला विचारतात."

हिरामण हसला. तिला कसं ठाऊक, की आपल्याला नेमकं रस्त्याचंच विचारायचं होतं? पढवलेली दिसते, त्याला वाटलं. नवराबायकोनं बसून सगळी उत्तरं तयार केलेली दिसतात. परत निघताना जयरामनं त्याच्या हातात एक जड पिशवी कोंबली. साबण, चहा, लोणच्याची बरणी. "निवृत्त झालो तरी कार्ड राहातंच भाऊ," तो ओरडून म्हणाला. "तुमचं काही तुटू देणार नाय." तुमचं काही तुटू देणार नाय. याचा अर्थ काय, हे हिरामण रिक्षात बसून जेलरोडपर्यंत उलटसुलट करत राहिला.

सोमवारी त्यानं आल्याआल्या खण उघडला. आधी कोरी स्लिप घेतली आणि तिच्यावर दाव्याची फेरतपासणी व्हावी असं इंग्रजीत लिहायला घेतलं. कारणं नंतर भरायची होती. गोटीराम चहा ठेवून गेला. जाताना म्हणाला, "लय जुना गडी हाय का हा? फाईल किती फुगली." हिरामणनं फाईल उघडली. भरतीचा फोटो, गालफडं बसलेला पोरगेला जयराम. वारसाचं नाव: तृप्ती. मग दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीचे कागद. असे हजारो कागद त्याच्या हाताखालून गेले होते आणि कानाचा रकाना त्यानं आजवर कधी वाचला नव्हता, फक्त भरलाय की नाही एवढं बघायचा. जवानाला भिंतीकडे तोंड करून उभा करतात, डॉक्टर त्याच्या पाठीमागे दूर उभा राहून कुजबुजतो, आणि किती अंतरावरची कुजबुज ऐकू आली ते लिहितात. सहाशे सेंटिमीटर म्हणजे कान उत्तम. जयरामच्या कागदावर वर्षामागून वर्ष तेच होतं. सत्त्याण्णव: उजवा सहाशे, डावा सहाशे. अठ्ठ्याण्णव: सहाशे, सहाशे. एप्रिल नव्व्याण्णव: सहाशे, सहाशे. आणि पुढचा कागद ऑगस्ट नव्व्याण्णवचा, दुसऱ्या शाईत, कुठल्यातरी पुढच्या ठाण्यावरच्या डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात: बावीस दिवस तोफेवर सलग, दोन्ही कानांतून रक्त, कुजबुज, उजवा शून्य, डावा शून्य. त्यानंतर दहा वर्षं शून्य, शून्य. पाच डॉक्टर, पाच इस्पितळं, पाच सह्या. नाटक करणारा माणूस कधीतरी पन्नास-साठ तरी ऐकतो. हिरामणनं एप्रिलच्या कागदावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. एप्रिलनंतर मे. मेनंतर जून. त्याला जे दोन नको होते तेच दोन एकदम मिळाले होते. माणूस खरा होता, आणि त्या दिवशी त्याचे कान चांगले होते. त्यानं लिहायला घेतलेली स्लिप चुरगाळून खिशात टाकली, सुपरिंटेंडेंटपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ही माझ्या साडूची फाईल आहे. दुसरीकडे द्या." साहेबांनी मान वर न करता हात पुढे केला. गुरुवारीच करायचं ते काम, अर्ध्या मिनिटाचं.

तरी संशय सुटला नव्हता. वाईट खोड अशी जाते थोडीच. घरी आल्यावर त्यानं आशाच्या शिलाई मशिनच्या खणातून टेप काढला आणि ओट्यापासून बाहेरच्या खोलीत जिथे त्या दिवशी जयरामनं ट्रंक ठेवली होती तिथपर्यंत जमिनीवर गुडघे टेकत मोजत गेला. मध्ये दार होतं, पण दाराला पडदाच. तीनशे चाळीस सेंटिमीटर. त्यानं पुन्हा मोजलं. आशा ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं काय करताय असं विचारलं नाही. थापणं थांबवून ती टेपकडे बघत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "मी तेव्हाच मोजलं होतं. नजरेनं." दहा वर्षांत त्या वाक्याबद्दल ती पहिल्यांदा बोलली. हिरामण जमिनीवरच बसून राहिला. त्याला लाज वाटली, इतकी की आपल्या चपला कुठे आहेत ते त्याला दिसेना. "चल," तो म्हणाला. "विहितगावला जाऊ."

दिवस मावळायला आला होता. जयराम ओसरीवर बसून त्याच रेडिओचे स्क्रू घट्ट करत होता. आशा आत तृप्तीकडे गेली. हिरामण त्याच्या शेजारी बसला आणि रिक्षात जुळवलेलं बोलायला लागला, त्याच्या नेहमीच्या आवाजात, जमिनीकडे बघत. जयराम, माझं चुकलं, नव्व्याण्णव साली मी तसं बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. जयरामनं त्याचे हलणारे ओठ तेवढे पाहिले होते. "मोठ्यानं भाऊ," तो ओरडला. "लय हळू बोलता तुम्ही."

हिरामणनं आवाज चढवला. "नव्व्याण्णव साली!"

"काय साल?"

आत भांडी वाजायची थांबली. समोरच्या घरातली म्हातारी दाराशी आली. जे वाक्य त्यानं साडेतीन मीटरवरही पोहोचू नये म्हणून दाबून उच्चारलं होतं, ते आता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्याशिवाय परत घेता येणार नव्हतं. निघून जावं असं त्याला वाटलं. दावा मंजूर होईल, एवढंच सांगून टाकावं. पण जयराम मान तिरकी करून, उजवा कान पुढे करून, एखाद्या शाळकरी मुलाइतक्या भक्तिभावानं थांबला होता. हिरामण उठून उभा राहिला आणि छाती फुटेल असा ओरडला, "तू लढाईला निघालास तेव्हा मी म्हणालो होतो! तू मेलास तरी फायद्यातच! तृप्तीला पूर्ण पगार मिळेल म्हणून! तू ऐकलं होतंस!"

जयरामच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग ओळख पटावी तसं त्याचं तोंड उघडलं.

"हां हां! ते होय!" तो त्याच्या त्या सुटलेल्या आवाजात म्हणाला. "ऐकलं ना. म्हणून तर पाया पडलो. बसा ना भाऊ, उभे का? आपल्याला कुठं काय नियम माहीत? साहेब लोक सांगायचे, घरच्यांची काळजी करू नका. ते तर सगळ्यांनाच सांगत्यात, मोठ्यानं. तुम्ही रेकॉर्डातले. घरातल्या घरात, बायकोला, हळू सांगितलं, म्हणजे खोटं नसणार. ट्रंकेवर बसूनच मी म्हणलं, सुटलो. बावीस दिवस तोफेवर दुसरं काय नव्हतं डोक्यात. आपण गेलो तरी तृप्तीचं अडत नाय, भाऊ बोलले हायेत." त्यानं रेडिओ बाजूला ठेवला. "आलो परत. तवा ठरवलं, कॅन्टीनचं पहिलं सामान तुमच्या घरी."

दारात तृप्ती उभी होती, तिच्या मागे आशा. तृप्ती जयरामकडे बघत नव्हती. ती हिरामणकडे बघत होती. तिला वाक्याचा अर्थ बरोबर कळला होता. हिरामण खाली बसला. जयरामनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसला, तेच ते न पचणारं हसणं. हिरामण त्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागला. कुठेतरी टोमणा असेल, डोळ्यांच्या कोपऱ्यात, ओठांच्या कडेला, दहा वर्षांचा राग थोडासा तरी सांडला असेल, असं वाटून त्यानं तो चेहरा फाईल तपासावी तसा वरून खालपर्यंत तपासला. काही सापडलं नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.